जलप्रलयाचा फलक आणि धर्मग्रंथाचे वाचन

३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये 'सोसायटी ऑफ बिब्लिकल आर्किऑलॉजी' या संस्थेच्या सभेत जॉर्ज स्मिथ या बत्तीस वर्षांच्या अभ्यासकाने एक निबंध वाचला. होमरचे व्यासंगी म्हणून ओळखले जाणारे पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते. निनवे येथील उत्खननातून आलेल्या एका भाजलेल्या मातीच्या फलकाचा हा वाचनवृत्तान्त होता. फलकावरील कथेत एक पुरुष देवाच्या सूचनेवरून नौका बांधतो, तीत सर्व जीवांचे बीज चढवितो, पूर येतो, नौका डोंगरावर टेकते, तो एक पारवा सोडतो आणि पाय टेकण्यास जागा न मिळाल्याने पारवा परत येतो. 'उत्पत्ती' या बायबलमधील पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या ते नवव्या अध्यायांतील नोहाच्या कथेशी असलेले हे साम्य सांगण्यासाठी भाष्यकाराची गरज नव्हती.

स्मिथचे विद्यापीठीय शिक्षण झालेले नव्हते. चौदाव्या वर्षी तो नोटा छापणाऱ्या पेढीत कोरीवकामाची उमेदवारी करू लागला. जेवणाच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन कीलाकार लिपीतील फलक न्याहाळीत असे आणि त्यातूनच पुढे त्याला तेथे काम मिळाले. ज्या रॉलिन्सनने त्याला हाताशी धरले तो १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा उमेदवार अधिकारी म्हणून मुंबईत उतरलेला होता. फलक वाचता वाचता स्मिथ आनंदातिशयाने अंगावरचे कपडे काढू लागला, ही सर्वत्र सांगितली जाणारी हकिकत मात्र वॉलिस बज याने त्या घटनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर लिहिली आहे. ती खरी असो वा नसो, आर्किमिडीजच्या आख्यायिकेचा साचा तिला पुरता लागू पडतो. शोधांच्या इतिहासालाही आपले वाङ्मयप्रकार असतात, एवढे तिच्यावरून दिसते.

हा फलक वाचला गेला तेव्हा जलप्रलयाचा प्रश्न नवा नव्हता. १८२३ मध्ये ऑक्सफर्डचा भूगर्भशास्त्रज्ञ व धर्मोपदेशक विल्यम बकलंड याने यॉर्कशरच्या गुहेतील तरसांच्या हाडांपासून सुरुवात करून सार्वत्रिक जलप्रलयाचा भौतिक पुरावा मांडला होता. १८३१ मध्ये केंब्रिजच्या ॲडम सेजविकने, तोही धर्मोपदेशकच, जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून हे मत जाहीरपणे मागे घेतले. १८३६ मध्ये बकलंडनेही ते सोडले. लायेलच्या ग्रंथाचे तीन खंड या दरम्यान, १८३० ते १८३३ या काळात, प्रसिद्ध झाले. म्हणजे जलप्रलयाला भूगर्भशास्त्रातून बाहेर काढण्याचे काम मुख्यतः श्रद्धावंत ख्रिस्ती पंडितांनीच केले. विज्ञान आणि धर्म यांच्या 'युद्धा'चे जे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले, त्यात ही साधी गोष्ट बसत नाही. नाताळचा बिशप कोलेन्झो याची व्यथा वेगळी होती. जलप्रलयाची कथा झुलू भाषेत उतरविताना त्याच्या झुलू साहाय्यकाने हे सारे खरोखर घडले काय, असे त्याला विचारले, आणि भूगर्भशास्त्र वाचलेल्या बिशपला होय म्हणणे जड गेले. १८६२ पासून त्याने पंचग्रंथाची जी चिकित्सा प्रसिद्ध केली तिच्यामुळे १८६३ मध्ये त्याला पदच्युत ठरविण्यात आले. तो निर्णय १८६५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने रद्द केला.

भूगर्भाने हात आखडल्यावर आशा उत्खननाकडे वळली. १८६५ चा पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंड आणि १८७० ची स्मिथने जेथे निबंध वाचला ती संस्था, या दोन्हींच्या स्थापनेमागे धर्मग्रंथावर प्रकाश पडावा हा हेतू उघड होता. तोवर हाती आलेले पुरावेही उत्साह वाढविणारे होते. लेयर्डला १८४६ मध्ये निमरूद येथे सापडलेल्या शल्मनेसरच्या काळ्या स्तंभावर इस्राएलचा राजा येहू याचे नाव असल्याचे १८५१ मध्ये हिंक्सने ओळखले. बायबलबाहेर, समकालीन शत्रूच्या लेखात, बायबलमधील राजा भेटला. परंतु त्या लेखात येहू हा 'अम्रीचा पुत्र' आहे. 'राजे' या ग्रंथानुसार तर येहूने अम्रीच्या घराण्याचा निर्वंश केला होता. अश्शूरी दरबाराच्या परिभाषेत इस्राएलचे राज्य म्हणजे 'अम्रीचे घर' आणि तेथील राजा म्हणजे त्या घरचा, हा खुलासा सर्वमान्य आहे. तो मान्य करणे म्हणजे राजलेखालाही स्वतःचे संकेत असतात आणि ते जाणल्याशिवाय त्यातील 'पुरावा' वाचता येत नाही, हे मान्य करणे होय.

इ. स. पूर्व ७०१ मधील सन्हेरीबच्या स्वारीबाबत हेच अधिक स्पष्ट होते. यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतली, हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले आणि ३० किक्कार सोने व ८०० किक्कार रुपे खंडणी म्हणून घेतले, असे सन्हेरीब सांगतो. 'राजे' या ग्रंथात सोन्याचा आकडा तोच, रुपे मात्र ३०० किक्कार. आणि शेवटी परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत शत्रूच्या छावणीतील १,८५,००० माणसे मारल्याचा वृत्तान्त. नगर घेतल्याचा दावा सन्हेरीब करीत नाही. एकच घटना, दोन संहिता. एकीचा नायक राजा आहे, दुसरीचा देव. घटना घडली हे निश्चित आहे. तरीही दोन्ही संहितांचा अर्थ त्या निश्चितीने संपत नाही.

येहू किंवा सन्हेरीब यांच्या बाबतीत लेखाचा पडताळा निदान एखाद्या घटनेशी घेता येत होता. जलप्रलयाच्या फलकाने समोर ठेवली ती केवळ दुसरी कथा. कथेचा पडताळा कथेशी घ्यायचा म्हणजे काय करायचे, याचे उत्तर १८७२ मध्ये कोणापाशी नव्हते. एका पक्षाने म्हटले, दोन भिन्न राष्ट्रे एकच स्मृती जपतात, तेव्हा घटना घडलीच असली पाहिजे. दुसऱ्याने म्हटले, हिब्रू कथा ही बाबिलोनी कथेची उसनवारी आहे, तेव्हा तिचे ईश्वरप्रणीतत्व संपले. हे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत, पण त्यांच्या तळाशी असलेले गृहीतक एकच आहे: संहितेचा अर्थ म्हणजे ती ज्याकडे बोट दाखविते ती घटना, आणि घटना लटकी ठरली की अर्थही लटका. अठराव्या शतकापासून बायबलच्या कथनाला कसे ग्रहण लागले याचा जो इतिहास हान्स फ्राय यांनी १९७४ मध्ये लिहिला, त्याचा गाभा हाच आहे.

हेच माप मराठी मुलखातही वापरले गेले होते. १८३०-३२ च्या सुमारास मुंबईत मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांच्यात झडलेल्या वादात पुराणांतील भूगोल, कालगणना आणि देवचरित्रे यांची झडती 'हे घडले काय, हे संभवते काय' या कसोटीवर घेतली गेली आणि उलट बाजूने बायबलमधील वृत्तान्तांवरही तोच कस लावला गेला. पुराण हा कोणता वाङ्मयप्रकार आहे, असा प्रश्न त्या धुमाळीत विचारला गेला नाही. दोन शतके आधी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्सने ख्रिस्तकथा ओवीबद्ध पुराणाच्या रूपात छापली तेव्हा त्याला हा संकोच वाटला नव्हता. तो समीक्षक नव्हता, कवी होता; म्हणूनच कदाचित प्रकाराची निवड त्याने बिनतक्रार केली. मराठी बायबलमधील 'जलप्रलय' हा शब्दही असाच आपली पूर्वपरंपरा घेऊन येतो. कल्पान्ती होणारा आणि पुन्हा पुन्हा होणारा लय त्यात ध्वनित होतो. उलट नोहाच्या कथेचा शेवट असा प्रकार पुन्हा होणार नाही या वचनावर होतो. शब्द आणि कथा यांच्यातील हा ताण मराठी वाचकाला ठाऊक नसतो, पण तो त्याच्या वाचनात असतोच.

स्मिथच्या फलकात मध्ये खंड होता. उरलेले तुकडे निनवेच्या ढिगाऱ्यात सापडतील म्हणून 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राने मोहिमेसाठी १,००० गिनी दिल्या. ही व्यवस्था करणारा संपादक एडविन अर्नोल्ड हा पूर्वी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचा, प्राचार्य होता. १८७९ मध्ये बुद्धचरित्रावरील 'लाइट ऑफ एशिया' हे काव्य लिहून तो प्रसिद्धी पावला. मे १८७३ मध्ये स्मिथ निनवेला पोहोचला आणि काही दिवसांतच जलप्रलयाच्या कथेचा एक तुकडा त्याच्या हाती लागला. खंड भरून निघाला अशी तार लंडनला गेली, आणि काम फत्ते झाले असे समजून वृत्तपत्राने मोहीम आवरती घेतली.

तो तुकडा त्या कथेचा नव्हताच. स्मिथने प्रथम वाचलेला फलक आज गिलगमेश महाकाव्याचा अकरावा फलक म्हणून ओळखला जातो. (नायकाचे नाव स्मिथला 'इझ्दुबार' असे वाचता आले होते, 'गिलगमेश' हा पाठ १८९० मध्ये पिंचेसने निश्चित केला.) वृत्तपत्राच्या पैशातून सापडलेला तुकडा 'अत्राहसिस' या वेगळ्या व अधिक प्राचीन काव्याचा होता. स्मिथ १८७६ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, अलेप्पो येथे आजाराने मरण पावला. त्याला हे कळणे शक्य नव्हते, कारण त्या काव्याची सुसंगत संहिता लॅम्बर्ट व मिलर्ड यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध करीपर्यंत आणखी शतकभर जायचे होते. चुकीने ओळखला गेलेला तो तुकडाच पुढे अधिक मोलाचा ठरला. त्याकडे नंतर वळावयाचे आहे.

जर्मनीत या प्रश्नाला राजकीय रंग चढला. १३ जानेवारी १९०२ रोजी बर्लिनमध्ये कैसर दुसरा विल्हेल्म याच्या उपस्थितीत अश्शूरविद्येचा प्राध्यापक फ्रीडरिश डेलिच याने 'बाबेल आणि बायबल' या विषयावर व्याख्यान दिले. इस्राएलच्या धर्मकल्पनांचे मूळ बाबिलोनमध्ये शोधावे, हा त्याचा रोख होता. पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या व्याख्यानात त्याने जुन्या कराराच्या ईश्वरप्रणीततेवरच बोट ठेवले, तेव्हा कैसरला ॲडमिरल होलमन यास जाहीर पत्र लिहून हात झटकावे लागले. त्या पत्रात ईश्वर ज्यांच्याद्वारे प्रकटतो अशांच्या मालिकेत हम्मुराबी, मोशे, होमर, शेक्सपिअर, ग्योटे यांच्या जोडीला कैसरने आपल्या आजोबांचाही समावेश केला आहे. हा विनोद बाजूला ठेवला तरी डेलिचचा पुढील प्रवास विनोदी नाही. त्याचे वडील फ्रान्झ डेलिच यांनी नवा करार हिब्रूत आणला होता. मुलाने १९२०-२१ मध्ये 'महाफसवणूक' अशा अर्थाच्या शीर्षकाचे दोन भाग लिहून जुना करार ख्रिस्ती धर्मग्रंथांतून वगळावा असा आग्रह धरला, आणि त्याची भाषा उघडपणे ज्यूद्वेषाची होती. मातीचा फलक तोच होता. उसनवारीचे गृहीतक शेवटपर्यंत ताणले की मूळ श्रेष्ठ आणि नक्कल हीन, आणि नक्कल करणारा समाजही हीन, अशी उतरंड तयार होते.

या वादात सर्वांत कमी गाजलेला आवाज हेर्मान गुंकेलचा. १८९५ मध्येच त्याने बाबिलोनी सृष्टिकथेतील अपरूप जलराक्षसीशी देवाच्या झुंजीचे सूत्र हिब्रू काव्यातून थेट 'प्रकटीकरण' या नव्या करारातील अखेरच्या ग्रंथापर्यंत शोधले होते. १९०३ मध्ये डेलिचला उत्तर देणारी पुस्तिकाही त्याने लिहिली. त्याचे खरे उत्तर मात्र १९०१ च्या 'उत्पत्ती'वरील भाष्यात आहे. 'उत्पत्ती' हा आख्यायिकांचा संग्रह आहे आणि आख्यायिका म्हणजे असत्य नव्हे, तो काव्याचा एक प्रकार आहे, हे त्याचे प्रतिपादन. संहितेला तिचा प्रकार आणि त्या प्रकाराचे लोकजीवनातील स्थान विचारावे: हे शेकोटीभोवती सांगितले जात होते, की देवळात, की दरबारात? वेलहाउझनच्या पिढीने लिखित साधनग्रंथ वेगळे काढण्यापर्यंत मजल मारली होती. तिचे काम निरर्थक नव्हते. मराठी बायबल घेऊन बसणाऱ्यालाही ते सांधे दिसू शकतात: जलप्रलयाच्या कथेत कधी 'देव' बोलतो, कधी 'परमेश्वर', एकदा प्रत्येक जातीची एक जोडी, एकदा शुद्ध पशूंच्या सात, एकदा चाळीस दिवस, एकदा दीडशे. मूळ हिब्रूत 'एलोहीम' व 'याहवे' या दोन नामांचा भेद स्पष्ट असतो. मराठी कानाला देव आणि परमेश्वर हे पर्यायशब्द वाटतात, म्हणून तो निसटतो. परंतु साधने वेगळी काढणारा चिकित्सक कथा कोणत्या टाक्यांनी जोडली गेली हे सांगतो. ती कोणत्या जातीची आहे हे सांगण्यासाठी तुलनेचे साहित्य लागते, आणि ते निनवेच्या ढिगाऱ्यातून आले. बायबलच्या अभ्यासातील 'प्रकार' ही संकल्पना उत्खननाचे अपत्य आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता त्या चुकीच्या तुकड्याकडे वळता येईल. गिलगमेश महाकाव्यात जलप्रलय ही अमरत्वाच्या शोधात निघालेल्या नायकाला सांगितलेली उपकथा आहे. देवांनी पूर का आणला याचे कारण तेथे दिलेले नाही. 'अत्राहसिस'मध्ये मानवाची निर्मिती, त्याची वाढ आणि जलप्रलय हे एकाच कथनाचे भाग आहेत, आणि 'उत्पत्ती'च्या पहिल्या नऊ अध्यायांचा क्रमही नेमका हाच आहे. कनिष्ठ देवांची कष्टातून सुटका व्हावी म्हणून माणूस घडविला जातो. माणसे वाढतात, त्यांच्या गलबल्याने देवाची झोप मोडते. रोगराई, अवर्षण आणि अखेर पूर. पुरानंतर मानवसंख्या आटोक्यात राहावी म्हणून वंध्यत्व, बालमृत्यू आणि अपत्यहीन राहणाऱ्या स्त्रियांचे वर्ग यांची योजना होते. या चौकटीत ठेवले की 'उत्पत्ती'च्या नवव्या अध्यायाचा आरंभ चमकून उठतो: फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा. पाठोपाठ येतो रक्तपाताविरुद्धचा नियम. टिक्वा फ्रायमर-केन्स्की यांनी १९७७ मध्ये दाखविल्याप्रमाणे हिब्रू कथेतील अरिष्टाचे कारण लोकसंख्या नाही. हिंसेने विटाळलेली भूमी हे ते कारण आहे. साचा तोच ठेवून उत्तर उलटविलेले आहे. असे उलटविणे ज्याला दिसते त्याला 'उसनवारी' हा शब्द अपुरा वाटू लागतो. आणि ते दिसण्यासाठी बाबिलोनी कथा ठाऊक असावी लागते. म्हणजे ज्या फलकाने श्रद्धेला धक्का दिला असे म्हटले गेले, त्याच्याशिवाय धर्मग्रंथाचे हे विधान ऐकूच येत नव्हते.

पण गृहीतके सहज मरत नाहीत. १९२९ मध्ये लिओनार्ड वूली याला ऊर येथे तीन मीटरांहून जाड, निव्वळ गाळाचा थर लागला. हा काय प्रकार असावा असे त्याने पत्नीला विचारले तेव्हा अर्थातच जलप्रलय, असे ती उत्तरली, ही हकिकत त्यानेच नोंदविली आहे. वृत्तपत्रांना याहून अधिक काही नको होते. हा थर जवळच्याच अल्-उबैद येथे नव्हता, आणि कीश व शुरुप्पक येथील पुराचे थर वेगळ्या काळाचे निघाले. मोठ्या नद्यांच्या खोऱ्यात पूर अनेकदा येतात, एवढेच सिद्ध झाले. यरीहोबाबतही, गारस्टँगने यहोशवाच्या काळचा मानलेला तट बऱ्याच आधीचा असल्याचे १९५२ ते १९५८ च्या उत्खननात कॅथलीन केन्यन यांनी दाखविले.

चर्चच्या अधिकृत भूमिकेत बदल हळूहळू झाला, आणि तो गुंकेलच्या वाटेने झाला हे नमूद करण्यासारखे आहे. १९०९ मध्ये रोमच्या बायबलविषयक आयोगाने 'उत्पत्ती'च्या पहिल्या तीन अध्यायांचे शब्दशः ऐतिहासिक स्वरूप नाकारता येत नाही असा निर्वाळा दिला होता. १९४३ मध्ये बाराव्या पायस पोपने आपल्या परिपत्रकात भाष्यकारांना प्राचीन पौर्वात्य लेखकांचे अभिव्यक्तिप्रकार इतिहास व पुरातत्त्वाच्या साहाय्याने निश्चित करण्यास सांगितले. १९४८ मध्ये त्याच आयोगाने पहिल्या अकरा अध्यायांचे प्रकार आपल्या अभिजात वा आधुनिक कोटींत बसत नाहीत, असे लिहिले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वाङ्मयप्रकारांचे तत्त्व स्वीकारले. प्रॉटेस्टंट जगात चित्र दुभंगलेले राहिले. १९६१ मध्ये व्हिटकम आणि मॉरिस यांनी बकलंडने सोडलेला मार्ग पुन्हा धरला, आणि १९७८ च्या शिकागो जाहीरनाम्यात धर्मग्रंथाच्या निर्दोषतेचा आग्रह सृष्टी व जलप्रलय यांच्यासह मांडला गेला.

या आग्रहाला केवळ अडाणीपणा म्हणून झटकणे समीक्षेला सोपे जाते. ते योग्य नाही. आउअरबाखने १९४६ मध्ये होमर आणि 'उत्पत्ती' यांची तुलना करताना एक अडचणीची गोष्ट मांडली होती: होमरची कथा ऐकणाऱ्याला रिझविते, बायबलची कथा त्याच्यावर सत्यत्वाची सक्ती करते, ती मानावी अशी तिची मागणी असते. 'आख्यायिका' असे नाव दिल्याने ही मागणी नाहीशी होत नाही. प्रकार ओळखणे म्हणजे संहितेला निरुपद्रवी करणे, असा समज गुंकेलनंतरच्या बऱ्याच अभ्यासात नकळत शिरला आहे, आणि साहित्यकृती म्हणून बायबल वाचण्याचा अलीकडचा उत्साहही त्यापासून मुक्त नाही. अक्षरशः वाचणाऱ्याला संहितेची मागणी ऐकू येते, पण ती कोणत्या भाषेत केली आहे हे उमगत नाही. प्रकार जाणणाऱ्याला भाषा उमगते, पण मागणीकडे त्याचा कानाडोळा होऊ शकतो. श्रद्धावंत वाचकाला दोन्ही सांभाळावे लागतात, आणि ते उत्खननाने कधीच सोपे केले नाही.

२०१४ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी इ. स. पूर्व १७५० च्या सुमाराचा, साठ ओळींचा एक फलक प्रसिद्ध केला. 'उत्पत्ती'तील तारू ३०० हात लांबीची पेटी आहे, गिलगमेशमधील नौका १२० हातांचा घन. या फलकावरील नौका गोल आहे, मोठ्या टोपलीसारखी, दोरखंडांची आणि डांबराने लिंपलेली. प्राणी जोडीजोडीने चढविण्याचा निर्देशही त्यात फिंकेल यांना वाचता आला. एका चित्रवाणी कार्यक्रमासाठी ही नौका प्रमाण लहान करून केरळमध्ये बांधण्यात आली. ती तरंगली, पाणीही आत झिरपत राहिले. प्रेक्षकांना उत्सुकता होती ती एवढ्याचीच.